सुकं वजन

सोमवार, बुधवार, शनिवार.
खवण्याहून पहाटेची एसटी, कुडाळला उतरून रिक्षा,
आणि चपला काढून काट्यावर उभे राहणारे लवू तांडेल.
मी आकडा लिहिते. साडेसत्तावन्न.
सुकं वजन चोपन्न.
म्हणजे साडेतीन किलो पाणी आज मशीनने ओढायचं.
"काय प्यालात?" मी दरडावते.
"वारो," ते म्हणतात.

चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यावर जाळी टाकलेल्या माणसाला
दिवसाला तीन पेले, मोजून.
शहाळं बंद, सोलकढी बंद, सुका बांगडा बंद.
तो छापील कागद मीच हातात दिला होता.
सुनेने वाचला, घडी घातली, विचारलं,
मग आमच्याकडे उरतं काय?

डाव्या मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडलेली.
बोट ठेवलं की आत घरघर लागते,
लांब गेलेल्या होडीच्या इंजिनासारखी.
ती आहे तोवर सुई जाते.
दोन वर्षं दोन महिने मी तिथे बोट ठेवलं.

आश्विनातल्या एका सोमवारी
सुई टोचायच्या आधी त्यांनी हात मागे घेतला.
"बाय, माका आता पुरे."

मुलगा पणजीहून आला. महेंद्र.
मला दारातच गाठून म्हणाला,
"हे थांबवता येतं असं त्यांना कुणी सांगितलं? तुम्ही?"
कुणीच सांगितलं नव्हतं.
दोन वर्षांत एकदाही.
सहीच्या पहिल्या कागदावर
'कधीपर्यंत' असा रकाना नव्हता.

बुधवारी कोल्हापूरचे डॉक्टर घाट उतरून आले.
महेंद्रला चहा आणायला धाडलं, पडदा ओढला,
स्टुलावर बसले. पडद्याच्या अलीकडे मी, कापूस मोजत.
"पैशांसाठी म्हणताय का? मुलाला त्रास नको म्हणून?"
पंख्याचा आवाज बराच वेळ.
"अर्धा तेच्यासाठीच.
पण ता अर्धापण माझाच मां, डागदर?"
पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

आता लिहितेय ते रजिस्टरमध्ये नाही.
आमच्याकडे पाच खुर्च्या. माझ्या खणात एक वही,
वाट बघणाऱ्यांची. तिच्यात सगळ्यांत वर
सुलक्षणा मेस्त्री, वालावल, वय सव्वीस,
मुलगी दीड वर्षाची,
गोव्याला जाते, आठवड्यातून एकदाच जमतं.
'पुरे' ऐकलं तेव्हा
माझ्या मनात आधी तिचं नाव आलं.
डोळे नंतर भरले.
हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही.
म्हणूनच की काय, मी त्यांना पुन्हा विचारलं,
नक्की ना? जाताना रिक्षापाशी पुन्हा, नक्की ना?
ते चिडले.
"खात्री कोणाची करतस, माझी काय तुझी?"

धाप लागली तर द्यायच्या गोळ्या घेऊन
रविवारी मी खवण्याला गेले.
पडवीत खाट. पाय सुजून गुळगुळीत.
महेंद्रने स्वतः शहाळं सोललं,
किती द्यायचं हे मला विचारलं नाही.
ते अर्धंच प्याले.
"गोडी कमी असा," म्हणाले. "उरलेला तू पी."
मी प्याले.

मंगळवारी पहाटे, सुकतीच्या वेळी.
फोनवर महेंद्रने एवढंच विचारलं,
"आपण बरोबर केलं ना?"
त्या 'आपण'मध्ये मीही होते.
हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

पुढच्या सोमवारी तीन नंबरच्या खुर्चीवर धुतलेली चादर.
सुलक्षणाने हात पुढे करत विचारलं,
"इथे आधी कोण बसायचं?"
मी बोट ठेवलं. घरघर कोवळी होती.
म्हटलं,
हात सरळ ठेव.